डाव्या हातात कांदे

आमच्या बेलापूरच्या ऑफिसात दारामागच्या खिळ्याला एक कापडी पिशवी टांगलेली असते आणि तिच्यात पाच किलो कांदे असतात. आम्ही वेबसाइट बनवतो, त्यामुळे कांद्यांचा आमच्याशी वरवर काही संबंध नाही. नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, कुणीतरी बाजार करून आलं आणि पिशवी इथेच विसरलं. तो एकदोन दिवस गप्प राहतो आणि मग हळूच विचारतो. मग मला बाईंबद्दल सांगावं लागतं, आणि बाईंबद्दल सांगायचं म्हणजे माझ्याबद्दलही थोडं सांगावंच लागतं.

त्यांना मॅडम म्हटलेलं खपत नसे. मॅडम म्हटलं की माणसं खरं बोलायची थांबतात, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्या सगळ्यांच्याच बाई. साठीच्या अलीकडे पलीकडे असाव्यात. आखूड केस, सुती साडी आणि साडीखाली कॅनव्हासचे बूट. ऑफिस मुळात त्यांच्या भावाचं. तो परदेशी गेला आणि चार टेबलं, जुने कॉम्प्युटर, आम्ही मोजकी माणसं असं सगळं बाईंच्या गळ्यात पडलं. त्याआधी त्या एका इस्पितळात हातांवर उपचार करायच्या. मोडलेलं मनगट, आखडलेली बोटं, यंत्रात सापडलेला पंजा, अशा हातांना पुन्हा कामाला लावणं हा त्यांचा धंदा. अनेकांना वाटलं, त्या ऑफिस विकून मोकळ्या होतील. त्या म्हणाल्या, आता सगळ्यांच्या हातात फोनच असतो, म्हणजे पेशंट तेच आहेत.

माझ्या मुलाखतीत त्यांनी माझी पदवी विचारली नाही, आधीची कामंही पाहिली नाहीत. मला माझा फोन उघडून बायकोला काहीतरी निरोप लिही म्हणाल्या. मी लिहीत असताना त्या माझा हात बघत होत्या. मग विचारलं, "अंगठ्याच्या मुळाशी दुखतं ना तुझं? संध्याकाळी जास्त?" दुखत होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. मी घाईने सॉरी म्हणालो. त्या हसल्या. "दुखतंय तुझं, आणि सॉरी मला?"

हे माझं जुनंच आहे. लिफ्टमध्ये दुसऱ्याचा पाय माझ्या पायावर पडला तरी सॉरी मीच म्हणतो. घरी, सोसायटीत, ऑफिसात कुठेही काही बिघडलं की त्यात माझा काहीतरी हात असणार, असं मला आतून वाटत राहतं. आणि खरंच हात असला, तर मग विचारायलाच नको.

पिशवीचा नियम साधा होता. ज्याला आपलं डिझाइन दाखवायचंय त्याने पिशवी डाव्या हातात घ्यायची, उजव्या हातात बाईंचा फोन घ्यायचा आणि उभ्याउभ्या, एका अंगठ्याने, गिऱ्हाईक त्या साइटवर जे काम करायला येणार ते करून दाखवायचं. डावखुऱ्याला उलटं. फोन स्वस्तातला, एका कोपऱ्यात काच तडकलेला. वायफाय बंद. "ऑफिसच्या वायफायवर सगळेच हुशार," असं बाई म्हणत. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर आम्ही काही दाखवायला गेलो की त्या आपला नॅपकिन त्यावर टाकत. माणूस पानाकडे येतो तेव्हा त्याचा एक हात कुठेतरी अडकलेला असतो, हे त्यांचं आवडतं वाक्य. कुणाच्या हातात पोर असतं, कुणाच्या बसचा दांडा, कुणाच्या कुणाचातरी हात. कांद्यांना कोंब फुटायच्या आत त्यांची भजी व्हायची आणि पिशवीत नवे कांदे पडायचे. भज्यांवर कुणी वाद घातला नाही. नियमावर सगळ्यांनी घातला.

एकदा एक बिल्डर आले होते. त्यांच्या जुन्या साइटवर आधी पक्षी उडायचे, मग समुद्र दिसायचा, मग कुठेतरी फ्लॅट. सर्चमध्ये आपलं नाव मागे का जातं, हे त्यांना विचारायचं होतं. बाईंनी पिशवी त्यांच्याकडे दिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली. बिचाऱ्यांनी घेतली. जागांच्या यादीतून सीवूड्स निवडायचं होतं. अंगठा पडायचा बाजूच्या ओळीवर आणि पान जायचं भलतीकडे. शेवटी घाम पुसत म्हणाले, माझी बोटंच जाड आहेत, काय करणार. बाईंनी त्यांचा अंगठा हातात घेतला, सांध्यापाशी दाबला, फिरवून पाहिला, अगदी इस्पितळात बघावा तसा. "अंगठा उत्तम आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "पान आजारी आहे."

बाई जवळच्या दिवाळे गावात मासळी घ्यायला जायच्या तेव्हाही साइट सोबत असे. कोळणीच्या हातात फोन देऊन, जरा हे उघडून बघ गं, असं सांगायच्या. एकीने ओल्या बोटाने दोनतीनदा दाबून पाहिलं आणि फोन परत दिला. "बाय, हात वला हाय माझा. तुझा फोन आयकत नाय. पापलेट नेतेस का नाय त्ये बोल." बाईंनी पापलेट नेलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडून सगळी बटणं मोठी करून घेतली.

या पिशवीचा मला राग यायचा, हे मी आता मान्य करतो. मला मोठा स्क्रीन आवडायचा. त्यावर जागा असते, हात पसरता येतात. फोनचं पान मला शिक्षेसारखं वाटायचं. म्हणून मी एक वाट काढली होती. कॉम्प्युटरसाठी एक भरगच्च, देखणं पान करायचं आणि फोनसाठी दुसरं, छाटलेलं. छाटलेलं पान झटकन उघडायचं, पिशवीच्या परीक्षेत पहिल्या फटक्यात पास व्हायचं. बाई पाठ थोपटायच्या आणि मी माझ्या मोठ्या पानाकडे परत जायचो. आमच्या धंद्यात तेव्हा पुष्कळजण हेच करत होते.

सुरेखाताईंची साइट मी तशीच केली.

सुरेखाताईंचं नेरूळला दुकान होतं. आजारी माणसासाठी लागणाऱ्या वस्तू त्या भाड्याने देत. वरखाली होणारी कॉट, व्हीलचेअर, वॉकर, ऑक्सिजनचं मशीन. त्यांचे यजमान बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होते. ते गेल्यावर रिकामी कॉट घरात बघवेना, म्हणून त्यांनी ती शेजारच्या सेक्टरमध्ये एकांना वापरायला दिली. तिथून दुकान सुरू झालं. साइटसाठी मजकूर मागितला तेव्हा त्यांनी लोक फोनवर जे जे विचारतात ते सगळं स्वतःच्या शब्दांत लिहून दिलं. कॉट लिफ्टमध्ये जाईल का? जाते, सुटी करून आणतो, घरी जोडून देतो. रात्री पेशंट पडू नये म्हणून काय करायचं? गादी कुठली घ्यायची म्हणजे पाठीला जखमा होणार नाहीत? कुठपर्यंत पोचवता? उरणच्या पुढे, मोरा बंदरापर्यंत.

मोठ्या पानावर मी हे सगळं घेतलं. फोनच्या पानावर ठेवले पाच फोटो आणि एक भलं मोठं बटण: फोन करा. माझे वडील अंथरुणाला होते तेव्हा मी स्वतः हाच प्रश्न विचारत दुकानं फिरलो होतो, कॉट लिफ्टमध्ये जाईल का म्हणून. तरी ती ओळ मी कापली. पान हलकं व्हायला हवं होतं.

साइट सुरू झाली तेव्हा ठीक चाललं. नंतर सुरेखाताईंचा फोन वाजेनासा झाला. रोजच्या रोज वाजणारा फोन आठवड्यातून एखाददा वाजू लागला. आम्ही सर्चमध्ये शोधलं तर त्यांचं दुकान कुठेच नव्हतं. पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही, त्याच्याही पुढे कुठेतरी. वर होती ती मुंबईची मोठमोठी नावं. त्यातल्याच एका कंपनीचा माणूस सुरेखाताईंकडे येऊन गेला होता. दुकानातलं सगळं सामान एकरकमी घेतो म्हणाला. दिवाळीपर्यंत काय ते कळवा.

हे सांगायला त्या ऑफिसात आल्या तेव्हा मला कारण कळलेलं होतं. सकाळीच सापडलं होतं. सर्च इंजिनने आमच्या साइट कुठल्या अंगाने तपासायच्या ते बदललं होतं. पूर्वी ते कॉम्प्युटरचं पान वाचायचं. आता ते फोनचं पान वाचत होतं आणि त्यावर जे आहे तेवढंच दुकान, असं धरून चालत होतं. माझं देखणं, भरगच्च पान त्याच्या हिशेबी नव्हतंच. मी ते दोघींना सांगितलं आणि लगेच सॉरी म्हणालो. मग पुन्हा म्हणालो. सुरेखाताईंना म्हणालो, बाईंना म्हणालो, माझ्यामुळे झालं म्हणालो, झोप लागणार नाही म्हणालो. सुरेखाताई अवघडल्या. आपलं दुकान बुडतंय ते सोडून त्या माझीच समजूत काढायला लागल्या, जाऊ द्या हो दादा म्हणून.

बाईंनी हात वर केला.

"थांब. हे सगळं तू आता कुणासाठी बोलतोयस?"

मी सुरेखाताईंकडे पाहिलं.

"माफी मागणं सोपं काम आहे. तू नेहमी सोपं काम आधी करतोस आणि त्यानेच दमतोस. अवघड काम तसंच पडून राहतं." मग त्यांनी दारामागे पाहिलं. "आणि पिशवी मी टांगलीय. तिने अंगठा तपासला. वाचायला कोण येतंय ते तिला काय कळणार? ते माझं चुकलं. चल, फोन घे."

त्या खुर्चीत बसल्या, पदर डोक्यावरून पुढे ओढून तोंडावर घेतला आणि हात मांडीवर ठेवले. सुरेखाताई माझ्याकडे बघू लागल्या. मलाही काही कळेना.

पदराआडून आवाज आला, "मी सर्च इंजिन आहे. मला डोळे नाहीत. एक माणूस इस्पितळाच्या दारात उभा आहे, उद्या वडिलांना घरी सोडणार आहेत, त्याला नेरूळमध्ये कॉट हवी आहे. त्याने मला विचारलंय. मी दुकानोदुकानी विचारत आलेय. तुझ्या फोनच्या पानावर जे लिहिलंय ते वाच. फक्त लिहिलंय तेवढंच."

मी वाचलं. "फोन करा."

"पुढे."

"फोटो. फोटो. फोटो."

"फोटो मला दिसत नाहीत."

"मग फक्त फोन करा, एवढंच आहे."

"हे दुकान कशाचं आहे?"

मी पान वरखाली करून पाहिलं. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"मला काही कळलं नाही," बाई पदराआडून म्हणाल्या. "मी पुढच्या दुकानात जाते."

सुरेखाताई आधी हसल्या. मग त्यांचं हसू मोडलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पदर घेतलेल्या बाईंशी बोलायला लागल्या, जणू तिथे खरंच कुणी आंधळं माणूस दारात आलेलं होतं. "नका जाऊ. ऐका ना. कॉट आहे आपल्याकडे. नेरूळमध्येच आहे, स्टेशनपासून जवळ. तुमची बिल्डिंग जुनी असेल, लिफ्ट लहान असेल तरी काळजी करू नका. आमची माणसं सुटी करून आणतात. वडिलांचं वजन जास्त आहे का? मग रुंदवाली घ्या. कठडा लावून देते दोन्हीकडून, माझे मिस्टर दोनदा पडले होते, तेव्हा मला माहीत नव्हतं..."

त्या बोलत राहिल्या. बाई पदराआडूनच म्हणाल्या, "लिही रे."

मी लिहीत बसलो. त्या दिवशी पहिल्यांदा मला सॉरी म्हणायला वेळच मिळाला नाही.

त्यानंतरचे आठवडे कामाचे होते. आधी मी तो सगळा मजकूर फोनच्या पानावर ओतला. पान इतकं लांबलं की पिशवी धरून वर ढकलता ढकलता माझा अंगठा बधिर झाला. नापास. मग मजकूर कमी केला, तर पदराआडून बाईंना दुकान कळेना. नापास. दोन परीक्षा एकमेकींच्या विरुद्ध ओढत होत्या आणि बाई एकीतही सूट द्यायला तयार नव्हत्या. फोटो हलके केले. दोन पानांचा खेळ बंद केला आणि एकच पान ठेवलं, स्क्रीन लहान झाला की अंग चोरून घेणारं. प्रश्न एकाखाली एक मांडले, बोट लावलं की त्याखाली उत्तर उघडेल असे. उत्तरं पानातच होती, सर्च इंजिनला वाचता येत होती, फक्त वाचणाऱ्याच्या वाटेत येत नव्हती. असं करता येतं हे मला आधीपासून माहीत होतं. कष्ट जास्त होते म्हणून केलं नव्हतं. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं. आता केलंस ना? पुढचं दाखव."

पान तयार झालं तरी सर्चमध्ये काही हलेना. त्याला त्याचा वेळ लागतो, ते आपल्या मर्जीने येतं, मर्जीने वाचतं. दिवाळी जवळ येत होती. मला वाटत होतं सुरेखाताईंना फोन करावा, सांगावं की नक्की होईल, थांबा. बाई म्हणाल्या, तो शब्द आपल्या हातातला नाही. त्यांनी स्वतः सुरेखाताईंना एवढंच कळवलं की निर्णय तुमचा, पण आम्ही थांबलेलो नाही.

बाई थांबल्या नव्हत्याच. सर्च जागेप्रमाणे बदलतं, म्हणून त्या रोज वेगळ्या ठिकाणी उभ्या राहून शोधत. आज खारघर, उद्या वाशी, परवा कुठल्यातरी इस्पितळाच्या फाटकासमोर. एनएमएमटीच्या बसमध्ये उभ्याने, एका हाताने दांडा धरून. आणि मला फोन. "आज चौथ्या पानावर." "आज तिसऱ्या. फोटो उशिरा उघडला, बघ." मी बघत होतो, दुरुस्त करत होतो. त्यांच्या आवाजात निराशा कधी नसायची आणि आनंदही नसायचा. मोडलेलं बोट आज किती वाकलं, हे लिहून घेणाऱ्या माणसाचा आवाज.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सुरेखाताईंनी अर्धं सामान त्या कंपनीला देऊन टाकलं. मशिनं गेली, व्हीलचेअर गेल्या. कॉट ठेवल्या. त्या विकताना हात पुढे होईना, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. मी नेहमीचा शब्द बोलणार होतो. बोललो नाही. मशीनची माहिती पानावरून आजच काढतो, म्हणजे उगाच कुणी त्यासाठी फोन करणार नाही, असं म्हणालो. त्या म्हणाल्या, हो, तेवढं करा.

फोन दिवाळीनंतर वाजायला लागला. पहिला आला तो मोऱ्याहून. एका खलाशाची आई घरात पडली होती. त्याने फोनवर शोधलं आणि मोऱ्यापर्यंत पोचवतो असं लिहिलेलं एकच दुकान त्याला दिसलं. सुरेखाताई स्वतः टेम्पोत बसून गेल्या. पुढे नेरूळचे आले, सीवूड्सचे आले. दुकान पूर्वीइतकं मोठं झालं नाही, पण उरलं. ऑफिसात भजी झाली. बाईंनी एक खाल्लं आणि विचारलं की बिल्डरचं पान कुठपर्यंत आलं.

तेव्हापासून आमच्याकडे दोन परीक्षा आहेत, पिशवीची आणि पदराची. आता बाई ऑफिसात येत नाहीत. नव्या मुली पदराऐवजी ओढणी घेतात, मी रुमाल घेतो.

गेल्या वर्षी बाई घरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. सीवूड्सला त्या एकट्याच राहत. बहीण पुण्याहून निघाली होती, तोपर्यंत इस्पितळात मी होतो. ऑपरेशन नीट झालं. दुपारी डॉक्टर सांगून गेले की दोनतीन दिवसांत घरी सोडू, पण घरी वरखाली होणारी कॉट हवी. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये आलो. डाव्या हातात त्यांची पिशवी होती, तीत कपडे, चष्मा, ते कॅनव्हासचे बूट आणि एक्स-रेचं मोठं पाकीट. सुरेखाताईंचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. तो लावता आला असता. पण मी सर्च उघडलं आणि उजव्या अंगठ्याने लिहिलं, कॉट भाड्याने नेरूळ.

पान आलं. मी खाली सरकवलं, लिफ्टचा प्रश्न उघडला, उत्तर वाचलं. मी ते स्वतः लिहून घेतलं होतं, तरी वाचून बरं वाटलं. मग फोनचं बटण शोधायला लागलो आणि ते सापडेना. सणाच्या सवलतीची एक रंगीत पट्टी मीच अलीकडे वर लावली होती. ती नेमकी बटणावर येऊन बसली होती. बाजूला करायची खूण एवढी बारीक की अंगठा बसेना. पाकीट घसरत होतं. शेवटी पिशवी जमिनीवर ठेवली तेव्हा जमलं.

आत आलो. बाई जाग्या होत्या. कॉट उद्या येते, असं मी सांगितलं.

"शोधलीस की नंबर लावलास?"

"शोधली."

"कितवं आलं?"

"दुसरं."

"हातात काय होतं?"

"तुमची पिशवी. आणि एक्स-रे."

"आणि?"

तो शब्द माझ्या जिभेवर येऊन थांबला होता. पडलेल्या माणसासमोर तर तो आणखीच जोरात येतो. मी तो तिथेच ठेवला.

"वरची पट्टी बटणावर येते," मी म्हणालो. "पिशवी खाली ठेवावी लागली. ती पट्टी आजच काढतो."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, औषधाने झोप लागली. मी खुर्ची आवाज न करता पलंगाजवळ ओढली आणि बसलो. खिडकीतून दुपारचं ऊन चादरीवर आलं होतं.

"मग," डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "बसलायस काय?"